बसलेलं वजन

अंगानं भरलेल्या बाईसाठी आपल्याकडे एक शब्द ठरलेला आहे : हाडापेरानं भक्कम. माझ्या मावशीला तो आयुष्यभर चिकटला होता आणि तिला तो आवडायचाही. साठीनंतर तिचं वजन ऐंशी किलोंच्या वर गेलं, गुडघे दुखू लागले, डॉक्टरांनी "खाली बसू नका" असं सांगितलं. पाट, विळी, सतरंजी मागे पडली आणि सोफ्याचा खिडकीकडचा कोपरा तिचा झाला. सकाळचा चहा तिथेच, पोथी तिथेच, भाजी निवडणं, दुपारची डुलकी आणि संध्याकाळच्या मालिकाही तिथेच. एका पावसाळ्यात मोरीच्या उंबऱ्यावर तिचा पाय मुरगळला. ती धाडकन पडलीही नाही. भिंतीला धरून नुसती खाली सरकली. तेवढ्यात घोट्याची दोन्ही हाडं मोडली. "एवढ्याशानं कसं मोडलं? माझी हाडं तर जाड आहेत," असं ती दवाखान्यात पुन्हा पुन्हा म्हणत होती. पुढे हेच वाक्य मी कितीतरी घरांतून ऐकलं. हे प्रकरण त्या वाक्यासाठी लिहिलं आहे.

जड बाईची हाडं बळकट, हा समज निराधार नाही. पाळी जाते तेव्हा अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन आटतं. हाड पोखरणाऱ्या पेशींना आवर घालायचं काम हे संप्रेरक करत असतं. तो आवर सुटला की पाच-सात वर्षांत हाडांचा वीस टक्क्यांपर्यंत भाग झिजू शकतो. भारतीय बायकांची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे युरोपातल्या बायकांपेक्षा काही वर्षं आधीच जाते, त्यामुळे आपल्याकडे ही झीज लवकर सुरू होते. मात्र इस्ट्रोजेनचा एक छोटा झरा पुढेही वाहत राहतो. चरबीच्या पेशींत अरोमाटेज नावाचं एक विकर असतं. अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून आलेल्या संप्रेरकांपासून ते थोडं इस्ट्रोजेन बनवतं. चरबी जास्त असेल तर हा झराही मोठा. त्यात वजन पेलायची सवय असलेल्या हाडाची घनता मुळातच थोडी जास्त असते. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये हाडांच्या ठिसूळपणाची, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसची, जी मोजपट्टी ठरवली ती घनतेवरच आधारलेली आहे : घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीतला टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याखाली असेल तर हाडं ठिसूळ. जड बाईचा हा आकडा बहुधा बरा येतो. त्यामुळे ठिसूळ हाडं म्हणजे काटकुळ्या, वाकलेल्या आजीबाईंचा आजार, असं चित्र वैद्यकातही बरीच वर्षं टिकून होतं.

२०११ साली त्या चित्राला तडा गेला. 'ग्लो' नावाच्या अभ्यासात युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या दहा देशांतल्या, पंचावन्न वर्षांवरच्या साठ हजारांहून जास्त बायकांची माहिती गोळा केली होती. लठ्ठ बायकांची हाडं कमी मोडत असतील अशी अपेक्षा होती, पण त्यांच्यात हाड मोडण्याचं प्रमाण इतर बायकांइतकंच निघालं. फरक होता तो मोडण्याच्या जागेत. मनगट कमी वेळा मोडत होतं. घोटा आणि पायाचा वरचा भाग मात्र जास्त वेळा. ज्यांचं हाड मोडलं त्या लठ्ठ बायका आधीच्या वर्षात दोनदा किंवा त्याहून जास्त वेळा पडल्याचंही अधिक प्रमाणात सांगत होत्या. मावशीचा घोटा त्या तक्त्यात अगदी नेमका बसला असता.

एवढं वजन रोज सोबत असताना हाड त्याच्या मानानं बळकट का झालं नाही? याचं उत्तर शोधायचं तर हाडाला भार कळतो कसा, तिथपासून सुरुवात करावी लागते.

यूलियस वोल्फ हे बर्लिनमधले शल्यचिकित्सक. हाड ज्या दिशेनं भार घेतं त्या दिशेनं ते आपली आतली रचना बदलतं, हे त्यांनी १८९२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडलं. खुब्याच्या हाडाचा उभा छेद घेतला तर आतल्या जाळीच्या तारा कमानींसारख्या, भाराच्या वाटेनं वळलेल्या दिसतात. जुन्या दगडी पुलाची कमान आठवावी. फरक इतकाच, की ही कमान सतत, तुकड्यातुकड्यानं नव्यानं बांधली जाते. एका जागेचं जुनं हाड पोखरायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तिथे नवं भरायला तीन-चार महिने. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी असा बदलला जातो. पोखरणं झटपट आणि भरणं सावकाश, हा वेळेतला फरक ध्यानात ठेवावा. आठवडाभर अंथरुणात पडून राहिल्याचा पत्ता हाड लगेच देत नाही, आणि दहा वर्षांच्या बैठकीचा हिशेब ते एकदम समोर ठेवतं, त्यामागे हाच फरक आहे.

वोल्फ यांच्या बर्लिनमध्येच शंभरेक वर्षांनी गेऑर्ग बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक सुंदर काम केलं. कृत्रिम खुबा बसवायच्या रुग्णांना त्यांनी आत मोजमापाची यंत्रणा असलेले सांधे बसवले. चालताना, जिना चढताना, खुर्चीतून उठताना खुब्यावर प्रत्यक्ष किती भार येतो हे जिवंत माणसात मोजता आलं. २००१ मध्ये त्यांनी आकडे प्रसिद्ध केले. ताशी चार किलोमीटर वेगानं चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २३८ टक्के भार येतो. जिना चढताना २५१ टक्के, उतरताना २६०. खुर्चीतून उठताना तो वजनाच्या जवळपास दुप्पट असतो. सत्तर किलो वजनाची बाई स्वयंपाकघरापर्यंत चालत गेली तर दर पावलाला तिच्या खुब्यावर दीडशे किलोंहून जास्त भार येतो आणि लगेच उतरतो. स्नायू हाडाला सांध्याशी घट्ट ओढून धरतात, म्हणून आकडा वजनापेक्षा मोठा येतो.

तीच बाई सोफ्यावर बसते तेव्हा काय होतं? धडाचं वजन बैठकीच्या दोन हाडांवरून सरळ गादीत उतरतं. मांडीचं हाड आडवं, सैल पडून राहतं आणि म्हातारपणी जिथे मोडायचा धोका सर्वांत मोठा, त्या खुब्याच्या मानेवर जवळजवळ काहीच येत नाही. ऐंशी किलो अंगावर आहेत, पण खुब्याच्या हाडापर्यंत ते पोचतच नाहीत.

पोचले, पण स्थिर राहिले, तर? यावर १९८४ साली लान्स लॅन्यन आणि क्लिंटन रुबिन या संशोधकांनी एक प्रयोग केला. हाडांविषयीच्या सगळ्या वाचनात मला सर्वांत जास्त भिडलेला प्रयोग हाच. त्यांनी पक्ष्याच्या पंखातलं एक हाड रोजच्या हालचालीच्या भारापासून वेगळं केलं आणि त्याच्या दोन्ही टोकांना पिना बसवल्या. काही पक्ष्यांत ते हाड तसंच, भाराविना ठेवलं. काहींत पिनांना स्प्रिंगा लावून हाड आठ आठवडे अखंड दाबून धरलं. तिसऱ्या गटात तेवढाच दाब दिला, पण थांबून थांबून, लागतो-सुटतो अशा रीतीनं, आणि दिवसाला फक्त शंभर सेकंद. भाराविना ठेवलेलं हाड झिजलं, ते अपेक्षितच होतं. अखंड दाबलेलं हाडसुद्धा तितकंच झिजलं. रोज शंभर सेकंद हलता दाब मिळालेलं हाड मात्र जाड झालं; त्याच्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे चोवीस टक्क्यांनी वाढलं. चोवीस तास अंगावर असलेला भार हाडाच्या लेखी नसल्यासारखाच होता.

याच जोडीचा दुसरा प्रयोग भार किती वेळा द्यावा यावर होता. दिवसातून चार हेलकावे मिळाले तर हाड आहे तेवढं टिकलं. छत्तीस मिळाले तर ते चांगलं वाढलं. अठराशे दिले तेव्हा छत्तिसांपेक्षा जास्त काही पदरात पडलं नाही. पुढे अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात चार्ल्स टर्नर आणि अलेक्झांडर रॉबलिंग यांनी उंदरांवर दाखवलं, की दिवसाचे ३६० हेलकावे एका दमात देण्यापेक्षा चार वेळा विभागून दिले तर हाड जास्त तयार होतं. हाडातल्या पेशींचं लक्ष लवकर उडतं आणि मध्ये विसावा मिळाला की परत येतं. सकाळी तासभर बागेत चालून उरलेला दिवस बसून काढणाऱ्या प्रत्येक बाईला हा प्रयोग समजावून सांगावा असं मला मनापासून वाटतं.

हे लक्ष ठेवणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओसाइट. हाडातल्या दर दहा पेशींपैकी नऊ याच असतात. हाडाच्या दगडासारख्या थरांत त्या बंद असतात आणि बारीक बोटांसारख्या फांद्यांनी एकमेकींना धरून असतात. फांद्या ज्या सूक्ष्म नळ्यांतून जातात त्यांत द्रव असतो. पाऊल टेकलं की हाड केसभराहूनही कमी वाकतं आणि तो द्रव नळ्यांतून सरकतो. पाऊल उचललं की मागे येतो. ओला स्पंज दाबून सोडावा तसं. पेशीला भार कळतो तो या सरकण्यातून. सतत दाबलेल्या स्पंजातलं पाणी एकदाच निघतं आणि मग सगळं शांत होतं.

शांतता पसरली की याच पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन जास्त सोडतात आणि हाड बांधणाऱ्या पेशींना ते थांबायचा इशारा देतं. या प्रथिनाचा शोध दक्षिण आफ्रिकेतल्या काही आफ्रिकानर कुटुंबांमुळे लागला. त्यांच्यातल्या काहींची हाडं जन्मभर वाढत राहायची, कवटी जाड व्हायची, चेहऱ्याच्या आणि कानाच्या नसा त्यात दबायच्या. पण हाड मोडणं त्यांना जवळजवळ ठाऊकच नव्हतं. २००१ मध्ये त्यामागचं जनुक सापडलं. त्या कुटुंबांच्या शरीरात स्क्लेरोस्टिन बनतच नव्हतं. त्या ज्ञानातून रोमोसोझुमॅब हे औषध तयार झालं आणि २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हे महागडं इंजेक्शन जो इशारा थोपवतं, तोच इशारा चालत्या-फिरत्या पायात आपोआप कमी होतो.

भार पूर्णच नाहीसा झाला तर काय होतं, हे अंतराळवीरांनी दाखवून दिलं आहे. त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्यानं घटते. पाळी गेलेल्या बाईला जे गमवायला वर्ष लागतं ते तिथे महिन्यात जातं. सोफा म्हणजे अंतराळ नव्हे, हे खरंच. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत लोकांच्या कमरेला हालचाल मोजणारी यंत्रं लावली होती. त्या नोंदी ग्लासगोच्या सेबॅस्टियन शास्तँ यांनी तपासल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडला, की ज्या बायका दिवसात जास्त वेळ बसतात त्यांच्या मांडीच्या हाडाची घनता कमी असते, आणि व्यायामाचा वेळ हिशेबात धरला तरी हा संबंध उरतो. पुरुषांत तो तसा दिसला नाही. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. हाडं दुखतात म्हणून बाई बसून राहते असंही असू शकतं. पक्ष्यांचे आणि उंदरांचे प्रयोग शेजारी ठेवले म्हणजे मात्र दिशा पुरेशी स्पष्ट होते.

आता चरबीची दुसरी बाजू. मज्जेतल्या एकाच मूळ पेशीपासून हाड बांधणारी पेशीही होते आणि चरबीची पेशीही. तिनं कोणत्या वाटेनं जायचं यात हालचालीचा मोठा वाटा असतो. भार नसेल तर ती चरबीकडे झुकते. पोटाच्या आतली चरबी शरीरात मंद दाह धुमसत ठेवते आणि त्या दाहातली रसायनं हाड पोखरणाऱ्या पेशींना चेतवतात. ड जीवनसत्त्व चरबीत विरघळतं, म्हणून जड शरीरात ते चरबीत साठून राहतं आणि रक्तात कमी सापडतं. त्यात आपल्या बायका उन्हात जातात त्या अंगभर साडी आणि डोक्यावर पदर घेऊन. मधुमेह असेल तर आणखी एक फसगत होते. टाइप टू मधुमेहात हाडाची घनता चांगली दिसते, पण हाडाचा दर्जा खालावलेला असतो आणि त्याच टी-स्कोअरला हाड मोडण्याचा धोका जास्त असतो. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणून फाइल कपाटात ठेवणाऱ्या, शुगर असलेल्या बाईनं हे डॉक्टरांशी जरूर बोलावं.

यावर घरोघरी सुचतो तो उपाय म्हणजे वजन उतरवणं, आणि तेही जेवण तोडून. इथे मला कळकळीनं सांगायचं आहे : उतारवयात नुसतं जेवण तोडून वजन उतरवू नका. अमेरिकेत सेंट लुईसच्या डेनिस व्हिलारियल यांनी पासष्टीपुढच्या १०७ लठ्ठ स्त्री-पुरुषांचा वर्षभर अभ्यास केला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसता आहार कमी केलेल्यांचं वजन दहा टक्के उतरलं, पण खुब्याच्या हाडाची घनताही २.६ टक्क्यांनी घटली. आहारासोबत व्यायाम केलेल्यांचं वजन जवळपास तेवढंच उतरलं आणि हाड १.१ टक्केच गेलं. त्याच गटाच्या २०१७ च्या अभ्यासात आणखी पुढचं दिसलं : वजन उतरवताना वजनं उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यांचं हाड, नुसता दमसासाचा (एरोबिक) व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी झिजलं. एकादशी, चतुर्थी, सोमवार असे उपास लावून आणि रात्रीचं जेवण सोडून वजन कमी केल्याचं समाधान मानणाऱ्या बाईच्या शरीरातून चरबीबरोबर मांडीचा स्नायू आणि खुब्याचं हाडही चाललेलं असतं.

आपल्याकडची बैठक कशी वाढली तेही पाहायला हवं. आजीच्या काळात जातं, पाटा-वरवंटा, धुण्याचा दगड, सारवण, रहाट होता. बाई दिवसातून किती वेळा जमिनीवर बसून उठत असेल त्याची मोजदाद कोण करणार! त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. लागोपाठची बाळंतपणं, अर्धपोटी जेवण आणि डोक्यावरचे हंडे यांनी त्याच बायकांच्या कमरा आणि माना वेळेआधी वाकल्या. कष्ट गेले हे उत्तमच झालं. त्या कष्टांसोबत उठबस गेली आणि तिच्या जागी काही आलं नाही, ही मात्र खंत आहे. "खाली बसू नका" हा सल्ला झिजलेल्या गुडघ्यांसाठी योग्यच. पण मग उठबस कशी करायची, हे मावशीला कुणी सांगितलं नाही. आणि आम्ही घरचे? "तू बस, मी आणते." पाणी हातात, ताट हातात, चष्मा हातात. आयुष्यभर राबलेल्या बाईला बसवणं हीच माया, असं आम्हाला वाटत होतं.

करायचं काय, तर पहिलं आणि सर्वांत सोपं, खुर्चीतून उठायचं. हात न टेकता, पायांत खांद्यांइतकं अंतर ठेवून, थोडं पुढे झुकून उठायचं आणि धपकन न बसता सावकाश बसायचं. तीस सेकंदांत असं किती वेळा जमतं ही जगभर वापरली जाणारी चाचणी आहे. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बाराहून कमी जमलं, किंवा सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या बाईला दहाहून कमी, तर पायांतली ताकद उणी समजतात आणि पडण्याचा धोका वाढलेला. हात टेकावे लागले तर आकडा शून्य धरतात. सुरुवातीला उंच खुर्ची घ्यावी किंवा बैठकीवर घट्ट उशी ठेवावी. मालिकेत जाहिराती लागल्या की पाच वेळा, फोनवर बोलताना उभ्यानं, कुकरच्या शिट्ट्या मोजताना ओट्याला धरून टाचा उचलत. विभागून दिलेला भार हाडाला जास्त कळतो, हे वर आलंच आहे.

एवढ्यानं हाड टिकायला मदत होईल. वाढवायचं तर जोराचा भार लागतो. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठात बेलिंडा बेक यांच्या गटानं पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायकांवर 'लिफ्टमोर' नावाचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली खरोखरची जड वजनं उचलायची आणि थोड्या उड्या मारायच्या. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली; घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. म्हाताऱ्या बायकांनी जड उचलू नये, या समजुतीला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. पण 'प्रशिक्षकाच्या नजरेखाली' हे शब्द सोडून ते उत्तर वाचू नये. मणका आधीच खचलेला असेल तर पुढे वाकून वजन उचलणं घातक ठरतं.

उड्यांवरून मंगळागौर आठवते. फुगडी, झिम्मा, पिंगा. टाचा जमिनीवर आपटत, दिशा बदलत, मध्ये दम घेत खेळायचे हे खेळ. हाडाला हवा तसाच, थांबून थांबून आणि नेहमीपेक्षा वेगळा भार त्यात आहे. चाळिशीतल्या बायकांनी हे खेळ श्रावणापुरते ठेवू नयेत. सत्तरीत पहिल्यांदा फुगडी घालायला मात्र जाऊ नये.

खाण्याचं थोडक्यात. पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, असं आयसीएमआर सांगते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असतं आणि कपभर दुधात अडीचशेच्या आसपास. तीळ, राजगिरा, कोकणातली काट्यासकट खायची सुकी मासळी यांनी उरलेलं भरता येतं. डाळ, उसळ, ताक, अंडं यांतली प्रथिनं कमी पडली तर स्नायू भरत नाही, आणि स्नायूशिवाय हाडाला भार पोचवणार कोण?

मावशीचं प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. फिजिओथेरपीच्या मुलीनं जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि हात छातीवर घ्यायला सांगितले. तीस सेकंदांत मावशी तीनदा उठली आणि रडायला लागली. पुढचे काही महिने ती मुलगी आठवड्यातून दोनदा येत राहिली. मोरीला पकडायला दांडा बसला, उंबरा काढला, रात्री पॅसेजमध्ये बारीक दिवा राहू लागला. वजन चार किलोंनी उतरलं, तेवढंच. खुर्चीचा आकडा दिवाळीपर्यंत नऊवर गेला होता. सोफ्याशेजारी भरून ठेवायचा पाण्याचा तांब्या आता ओट्यावर असतो, तिनंच तो तिथे नेला. सून आणायला उठली तर मावशी तिला हातानं खाली बसवते आणि स्वतः जाते.